‘तो कुठे राहतो ते’ आणि इंग्रजीतला नाऊन क्लॉज

म्हापशाच्या एका ताईंनी विचारलंय. मुलगी नववीत आहे. चौथीपर्यंत मराठी शाळा, पाचवीपासून सगळं इंग्रजीत, म्हणजे आपल्या गोव्यातली नेहमीची वाट. तिने ‘आय डोन्ट नो व्हेअर डज ही लिव्ह’ असं लिहिलं, ते बाईंनी लाल शाईने खोडलं आणि समासात ‘नाऊन क्लॉज’ एवढंच लिहून ठेवलं. ताईंचे प्रश्न तीन. नाऊन क्लॉज म्हणजे आपलं नामवाक्यच ना? तसं असेल तर या वाक्यात चुकलं काय? आणि जाता जाता, ‘आय डाउट दॅट’ म्हणायचं की ‘आय डाउट व्हेदर’?

पहिल्याचं उत्तर: हो, तेच. अख्खं वाक्य जेव्हा एखाद्या नामाच्या जागेवर जाऊन बसतं तेव्हा ते नामवाक्य. ‘मला बातमी कळली’ यात ‘बातमी’ हे साधं नाम आहे. ‘चोडणची फेरी (म्हणजे फेरीबोट) बंद आहे हे मला कळलं’ यात त्याच जागी कर्त्या-क्रियापदासकट एक पूर्ण वाक्य आलंय. मराठी बोलणारा माणूस अशी वाक्यं दिवसभर बोलत असतो. कधी मागे ‘हे’ किंवा ‘ते’ लावून, कधी पुढे ‘की’ घालून (‘मला कळलं की फेरी बंद आहे’), आणि कधी ‘म्हणून’ लावून: ‘फेरी बंद म्हणून कळलं’, ‘उद्या येणार म्हणून सांगून गेला’. हा शेवटचा प्रकार आपल्याकडे जरा जास्तच ऐकू येतो, कारण शेजारी कोंकणीतलं ‘म्हूण’ आहे. पण तो काही कोंकणीतून उसना आणलेला नाही, ‘म्हणून’चा हा उपयोग मराठीचा स्वतःचाच आहे. वर्तमानपत्रवाले तर आणखी पुढे जातात. ते वाक्याचंच नाम करून टाकतात: ‘फेरीसेवा बंद राहणार असल्याचे मामलेदारांनी सांगितले’. हे इंग्रजीत करायचं झालं की पुन्हा ‘सेड दॅट’च येणार.

तेव्हा मुलीला नामवाक्य म्हणजे काय हे शिकवायची गरज नाही. ते तिला येतं. तिला सांगायचं ते एवढंच, की मराठीत जिथे काहीच बदलावं लागत नाही तिथे इंग्रजीत बदलावं लागतं. तिचं वाक्य नेमकं याच ठिकाणी अडलंय.

‘तो कुठे राहतो?’ हा प्रश्न. ‘तो कुठे राहतो ते मला माहीत नाही’ हे नामवाक्य. प्रश्न जसाच्या तसा उचलून ठेवला, मागे ‘ते’ लावलं, काम झालं. इंग्रजीत मात्र प्रश्न विचारताना क्रियापद कर्त्याच्या आधी आणावं लागतं, आणि आणायला सहायक क्रियापद नसेल तर ‘डू’, ‘डज’, ‘डिड’ला बोलावतात: ‘व्हेअर डज ही लिव्ह?’ हा सगळा खटाटोप केवळ प्रश्न विचारण्यापुरता असतो. नामवाक्य झालं की ते प्रश्न विचारत नाही, म्हणून ‘डज’ची नोकरी संपते. जाताना तो आपला ‘एस’ क्रियापदाला परत देऊन जातो: ‘आय डोन्ट नो व्हेअर ही लिव्हज’. ‘डिड’ गेला तर भूतकाळ परत द्यायचा: ‘व्हॉट डिड शी बाय?’, पण ‘टेल मी व्हॉट शी बॉट’. ‘टेल मी व्हॉट इज युवर नेम’ हेही याच घरातलं, तिथे ‘व्हॉट युवर नेम इज’ हवं. आणि पूर्ण वाक्यच प्रश्न असेल, उदाहरणार्थ ‘डू यू नो व्हेअर ही लिव्हज?’, तर उलटापालट पहिल्या ‘डू’ने केलेली आहे, आत पुन्हा करायची नाही.

इथे मुलं एका गोष्टीने गोंधळतात. ‘हू टोल्ड यू?’ आणि ‘आय नो हू टोल्ड यू’ यांत काहीच बदललेलं दिसत नाही. मग नियम गेला कुठे? नियम आहे तिथेच आहे. ‘हू’ हाच कर्ता असल्यामुळे क्रियापदाला उलटायला जागाच नव्हती, तर सरळ काय करणार? ‘व्हॉट हॅपन्ड’, ‘व्हॉट इज राँग’ ही त्यातलीच.

आता ‘का’ असलेले प्रश्न. ‘तो येणार का?’ याचं नामवाक्य मराठीत ‘तो येणार की नाही ते’ होतं, आणि त्या ‘की नाही’ला इंग्रजीत ‘व्हेदर’ किंवा ‘इफ’. बोलताना दोन्ही चालतात. पण वाक्याच्या सुरुवातीला, शब्दयोगी अव्ययानंतर (‘अबाउट’, ‘ऑन’ वगैरे), आणि ‘टू’च्या आधी फक्त ‘व्हेदर’. ‘व्हेदर टू गो बाय फेरी’ म्हणतात, ‘इफ टू गो’ कुणी म्हणत नाही.

‘इफ’चा खरा घोळ वेगळाच आहे आणि तो इंग्रजांचाही होतो. ‘आय विल टेल यू इफ ही कम्स’ याचे दोन अर्थ होतात. एक, तो येतोय की नाही ते तुला सांगेन. दुसरा, तो आला तर तुला सांगेन, नाही आला तर गप्प बसेन. पहिल्यात ‘इफ’चं वाक्य नामवाक्य आहे, दुसऱ्यात क्रियाविशेषणवाक्य. मराठीत ‘की नाही’ आणि ‘तर’ असे दोन वेगळे शब्द असल्यामुळे हा प्रश्न आपल्याला पडतच नाही. म्हणून इंग्रजी वाक्य समोर आलं की मनात त्याचं मराठी करून बघावं. ‘तर’ आलं की नामवाक्य नव्हे.

‘व्हेन’लाही हीच कसोटी लावा, तिथे ती मार्कही मिळवून देते. मुलांनी घोकलेलं असतं, की ‘व्हेन’नंतर ‘विल’ येत नाही. मग ‘आय डोन्ट नो व्हेन ही विल कम’ हे वाक्य पाहून ती ‘विल’ खोडतात आणि बरोबर असलेलं चुकवतात. ‘कॉल मी व्हेन ही कम्स’ म्हणजे तो आला की फोन कर, इथे ‘विल’ खरोखरच नको. पण ‘तो कधी येईल ते माहीत नाही’ हे नामवाक्य, तिथे ‘विल’ हवंच. मराठीतलं ‘आला की’ आणि ‘कधी येईल ते’ एवढा फरक कानाला कळला, तर पाठ केलेला नियम कुठे लावायचा आणि कुठे नाही हे आपोआप कळतं.

मात्र आपलं मराठी दर वेळी आपल्याला तारेलच असं नाही. ‘ते’ हा शब्द फार उदार आहे. ही दोन वाक्यं बघा: ‘तू बोललास ते बरोबर आहे’ आणि ‘तू बोललास ते बरं झालं’. वरून दोन्ही सारखी. पहिल्यात बरोबर काय? तुझं म्हणणं, तू उच्चारलेली गोष्ट. दुसऱ्यात बरं काय झालं? तू तोंड उघडलंस ही घटना. इंग्रजीत या दोहोंना एक शब्द चालत नाही. पहिलं ‘व्हॉट यू सेड इज राइट’. दुसरं ‘इट इज गुड दॅट यू स्पोक’. आणि मग मुलं मध्यममार्ग काढतात, ‘दॅट व्हॉट यू सेड’, की ‘जे’ही झालं आणि ‘ते’ही झालं. तसं करायचं नाही. ‘व्हॉट’ एकटाच ‘जे’ आणि ‘ते’ दोघांचं काम करतो.

दोहोंतला कुठला घ्यायचा हे ठरवायला आतल्या वाक्यात खळगा आहे का ते बघावं. ‘यू सेड’ म्हटल्यावर ‘काय?’ असा प्रश्न उरतो, कर्माची जागा रिकामी आहे. ती जागा ‘व्हॉट’ भरतो. ‘यू स्पोक’ला काही उणं नाही, ते वाक्य स्वतःच्या पायांवर उभं आहे. अशा धडधाकट वाक्यापुढे ‘दॅट’.

हाच खळगा आणखी एका जागी उपयोगी पडतो, आणि ती जागा नववी-दहावीच्या पेपरांत आवडीची असते. ‘द न्यूज दॅट द फेरी इज क्लोज्ड’ आणि ‘द न्यूज दॅट यू गेव्ह मी’. दोन्हीकडे ‘न्यूज दॅट’. पहिलं नामवाक्य, दुसरं विशेषणवाक्य. का, ते ‘ॲपोझिशन’ (नामाला जोडून तीच गोष्ट पुन्हा सांगणं) वगैरे शब्द वापरून समजावता येतं, पण मराठीत सांगितलं तर अर्ध्या मिनिटात होतं. ‘फेरी बंद आहे ही बातमी.’ ‘तू दिलीस ती बातमी’, किंवा ‘जी बातमी तू दिलीस ती’. जिथे ‘ही’ येतं, तिथे बातमी म्हणजेच ते वाक्य, म्हणून नामवाक्य. जिथे ‘जी-ती’ची जोडी लागते, तिथे वाक्य बातमीची नुसती ओळख पटवून देतं, कुठली बातमी ते सांगतं. तिथे ‘दॅट’ काढून ‘विच’ही चालतं. पहिल्यात चालत नाही.

‘दॅट’ कधी गाळायचं, असं ताईंनी विचारलेलं नाही, पण पुढचा प्रश्न तोच येणार. ‘से’, ‘थिंक’, ‘नो’ यांच्यानंतर बोलताना खुशाल गाळावं, आपणही ‘मला वाटतं तो येईल’ म्हणतोच की. नामवाक्य कर्ता होऊन सुरुवातीला बसलं असेल तर गाळता येत नाही: ‘दॅट ही केम लेट सरप्राइज्ड नोबडी’. इंग्रजीला हे असं जड डोकं आवडत नाही, म्हणून ते बहुधा ‘इट’ पुढे करून वाक्य मागे ढकलतात. शब्दयोगी अव्ययानंतर मात्र ‘दॅट’ सहसा येत नाही. ‘आय ॲम श्युअर ऑफ दॅट ही विल कम’ चूक, ‘ऑफ’ उडवा. पोर्तुगीजमध्ये या ‘दॅट’च्या जागी जो शब्द येतो तो सहसा गाळत नाहीत, त्यामुळे १९६१च्या आधी लिसेंवमध्ये, म्हणजे पोर्तुगीज माध्यमिक शाळेत, शिकून मागाहून इंग्रजीकडे वळलेली जुनी मंडळी प्रत्येक ‘दॅट’ ठणठणीत उच्चारत असतील, तर त्यांना कुणी हसू नये.

नामवाक्यांची रांग एकदा डोळ्यांनी बघायची असेल तर घरात कुठलं तरी प्रतिज्ञापत्र सापडतं का ते पाहा. गोव्यात ते अनेक घरांत असतं, कारण आजोबांचं ‘नाईक’ पोर्तुगीज काळच्या कागदावर शेवटी ‘क्यू-यू-ई’ लावून लिहिलेलं आणि नातवाच्या आधार कार्डावर साध्या ‘के’वर संपलेलं असतं, मग दोन्ही माणसांचं घराणं एकच हे शपथेवर सांगावं लागतं. वर एकदाच ‘सॉलेम्नली अफर्म अँड स्टेट’, आणि खाली प्रत्येक परिच्छेद ‘दॅट’ने सुरू: दॅट मी अमुक गावचा रहिवासी, दॅट माझे आजोबा अमुक, दॅट दोन्ही आडनावं एकाच घराण्याची. त्यातला एक परिच्छेद सुटा काढून वाचला तर वाक्य अर्धवट वाटतं. अर्धवटच आहे ते. सगळे परिच्छेद मिळून त्या वरच्या एका क्रियापदाचं कर्म आहेत.

‘टेल’ आणि ‘से’बद्दल एक. आपण ‘त्याने सांगितलं की…’ म्हणतो, कुणाला ते सांगत नाही. म्हणून ‘ही टोल्ड दॅट ही विल कम’ असं सर्रास लिहिलं जातं. ‘टोल्ड’ला ऐकणारा लागतो: ‘टोल्ड मी दॅट’, ‘टोल्ड अस दॅट’. ऐकणारा नको असेल तर ‘सेड दॅट’. आणि मराठीत ‘तो म्हणाला की मी दमलोय’ यातला ‘मी’ बोलणाऱ्याचा, काळही त्याचाच. इंग्रजीत नामवाक्यात शिरताना तो ‘आय’ बदलून ‘ही’ होतो आणि ‘ॲम’चं बहुधा ‘वॉज’. ‘ही सेड दॅट आय ॲम टायर्ड’ असं लिहिलं तर दमलेले तुम्ही ठरता.

परीक्षेत ‘स्टेट इट्स फंक्शन’, म्हणजे नामवाक्याचं वाक्यातलं काम सांगा, असं विचारलं, तर क्रियापदाला ‘काय?’ विचारून बघावं. क्रियापदाच्या आधी उत्तर मिळालं तर कर्ता, नंतर मिळालं तर कर्म, ‘इज’-‘वॉज’नंतर आलं तर पूरक, ‘अबाउट’-‘ऑन’नंतर आलं तर त्या अव्ययाचं कर्म, आणि ‘ही बातमी’वालं असेल तर ॲपोझिशन. यात फार वेळ घालवण्यासारखं काही नाही.

राहिला ‘डाउट’. व्याकरणाने दोन्ही चालतात. मनात खरोखरच अनिश्चितता असेल, तर ‘आय डाउट व्हेदर ही विल कम’. येणार नाही असंच वाटत असेल, तर ‘आय डाउट दॅट ही विल कम’. घोटाळा व्याकरणाबाहेर आहे. मराठीत ‘मला शंका आहे की त्यानेच फोन उचलला’ म्हटलं तर त्याचा अर्थ, मला वाटतंय त्यानेच उचलला. ते जसंच्या तसं ‘आय डाउट दॅट ही टुक द फोन’ झालं की अर्थ उलटा होतो: त्याने उचलला असं मला नाही वाटत. संशय घ्यायचाच असेल तर तिथे ‘सस्पेक्ट’ घाला, पुढचं ‘दॅट’ आणि नामवाक्य आहे तसंच राहू द्या.