प्रश्न: गणिताचे पेपर तपासताना शेवटचं उत्तर चुकलं तर सगळे गुण जातात का? दोन गुरुजींचे गुण जुळावेत कसे?

उत्तर: नाही जात. गुण पायऱ्यांना असतात, आणि त्या पायऱ्या पेपरांचा गठ्ठा उघडण्याआधीच कागदावर लिहून ठेवायच्या.

समजा 4 गुणांचं गणित: 7 मी व्यासाची, 12 मी खोल विहीर खणली, माती 44 मी × 21 मी जागेत पसरली, तर थर किती? सूत्र व त्रिज्या 3.5 मी 1 गुण, घनफळ 462 घमी (घनमीटर) 1, 462 ÷ 924 ही मांडणी 1, उत्तर 0.5 मी 1. पोराने 38.5 × 12 = 426 लिहिलं, तर फक्त घनफळाचा गुण कापा. पुढे 426 ÷ 924 बरोबर सोडवलं असेल तर ते दोन्ही गुण त्याचेच. एका चुकीची शिक्षा दोनदा नको! व्यासच त्रिज्या धरली (1848 घमी, थर 2 मी), तर पहिला गुण जातो, बाकी पायऱ्या तपासाव्याच लागतात.

आपल्या विदर्भातल्या खेड्यांत पोरं ‘हिरीची माती’ असं लिहितात. भाषेचे गुण इथे कापू नका. एकक राहिलं तर किती कापायचं, तेही आधीच ठरवा.

एक पेपर पूर्ण तपासून दुसरा घेऊ नका. आधी सगळ्यांचा प्रश्न 1, मग गठ्ठा उलटा करून प्रश्न 2. नाहीतर हुशार पोरानंतरच्या पेपरवर हात आखडतो. दोघे तपासत असाल तर पहिले 5 पेपर दोघांनी वेगळ्या कागदावर तपासा, अर्ध्या गुणाहून जास्त फरक आला की पायऱ्या पुन्हा ठरवा.

बेरीज दुसऱ्याकडून करवून घ्या. मागच्या पानावरचं गणित तपासायचं राहून जातं, ते हमखास पाहा.