बेशुद्ध आहे, मग डोळे कोणाला शोधतायत?

प्रश्न: डॉक्टर, अपघातात माझ्या धाकट्या भावाच्या डोक्याला जबर मार लागलाय, आज सहावा दिवस, अजून कोमातच आहे. पापणी उचलली की डोळे सावकाश डावीकडून उजवीकडे, परत डावीकडे असे सरकत राहतात. आई म्हणते तो आपल्यालाच शोधतोय, सिस्टर म्हणतात तसं काही नसतं. नक्की काय समजायचं?

उत्तर: ताई, आईंना हे सांगणं जिवावर येईल, पण तो शोधत नाहीये. याला रोव्हिंग मूव्हमेंट म्हणतात. कोणाला तरी तुमच्या डोळ्यांकडे बघायला सांगून तुम्ही स्वतः करून बघा (आरशात स्वतःच्या डोळ्यांची हालचाल दिसत नाही), कशाचाही पाठलाग न करता नजर अशी लोण्यासारखी सरकवता येतच नाही, ती टप्प्याटप्प्याने उड्या मारते. म्हणजे हे मुद्दाम करता येण्यासारखं नाहीच.

पण 'काही नसतं' हेही मला पटत नाही. डोळे हलवणारी केंद्रं ब्रेनस्टेममध्ये, म्हणजे मेंदूच्या खालच्या देठासारख्या भागात असतात आणि दोन्ही डोळे जोडीने फिरतायत म्हणजे तिथलं वायरिंग बऱ्यापैकी शाबूत आहे, वरच्या मोठ्या मेंदूचा ताबा तेवढा सुटलाय. आता तो शुद्धीवर कधी येईल हे मात्र नुसत्या यावरून कोणीही सांगू शकत नाही, सांगितलं तरी विश्वास ठेवू नका.

डोळे झपकन खाली जाऊन हळूहळू वर यायला लागले तर ते वेगळं, त्याला बॉबिंग म्हणतात, न्यूरोलॉजिस्ट मिलर फिशर यांनी 1964 मध्ये त्याचं वर्णन केलं आणि बहुतेकदा ब्रेनस्टेममधल्या पॉन्स नावाच्या भागाला मोठी इजा झाल्याचं ते लक्षण असतं. आणि डोळे बारीक बारीक झटके देत एकाच बाजूला ओढले जात असतील तर हातपाय शांत असले तरी आतल्या आत फिट चालू असू शकते, ते ईईजीवरच, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींच्या तपासणीतच कळतं. यातलं काहीही दिसलं, किंवा चालू असलेली हालचाल एकदम थांबली, तर राऊंडची वाट न बघता तिथल्या डॉक्टरांना लगेच सांगा. (थांबणं कधी कधी झोपेच्या औषधामुळेही असतं, पण ते त्यांना ठरवू दे.)

डॉक्टर डोकं हलवून डोळे तपासतात ते बघून घरच्यांनी तसं करायचं नाही हं, मानेलाही मार असू शकतो.

पुढे तो आपणहून डोळे उघडायला लागला की विचारून एक करा, त्याच्या तोंडासमोर आरसा धरा आणि हळू बाजूला सरकवा. स्वतःच्या चेहऱ्यामागे नजर जाते, बोट किंवा टॉर्चपेक्षा पटकन. एकदा गेली तर योगायोग असेल, पुन्हा पुन्हा जायला लागली की मग आईंना हाक मारा.