वाचकांचे प्रश्न : परवाना दुकानाचा की हाताचा?

प्रश्न : मुंबईत सहा वर्षे पार्लरमध्ये काम करून मी आता कुडाळ तालुक्यातील सासरच्या गावी कायमची राहायला आले आहे. घराच्या पडवीत पार्लर सुरू करायचा विचार आहे. बाजारपेठेतील एक गृहस्थ ‘सरकारी ब्युटीशियन लायसन्स’ आठ हजार रुपयांत काढून देतो म्हणतात. ते नसेल तर पार्लर बंद पाडतील, असेही सांगतात. माझ्याकडे खासगी क्लासचे प्रमाणपत्र तेवढे आहे. काय करावे?

उत्तर : ताई, ते आठ हजार रुपये देऊ नका. आयब्रो, वॅक्स, फेशियल, केस कापणे ही कामे करणाऱ्या व्यक्तीला महाराष्ट्रात शासनाचा परवाना घ्यावा लागत नाही, त्यामुळे हे गृहस्थ तुम्हाला अस्तित्वातच नसलेली वस्तू विकत आहेत. काही महापालिका सलूनसाठी परवाना मागतात, पण तो जागेचा असतो, काम करणाऱ्या हातांचा नव्हे. ज्याला आपण ‘शॉप ॲक्ट’ किंवा ‘गुमास्ता’ म्हणतो, त्याचेही तसेच आहे. 2017 च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्यानुसार मोजकेच कामगार असलेल्या छोट्या दुकानदाराने व्यवसाय सुरू केल्यापासून 60 दिवसांच्या आत ऑनलाइन सूचना द्यायची आणि तिची पावती जपून ठेवायची, एवढेच अपेक्षित आहे. उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योगाची सरकारी नोंदणी, आधार क्रमांकावर आणि विनामूल्य होते. तिच्यासाठीही कोणाला पैसे देऊ नका. घर सासऱ्यांच्या नावावर असेल तर त्यांचे संमतिपत्र आणि ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला आधीच घेऊन ठेवा, म्हणजे पुढे बँकेत कर्ज मागताना धावपळ होणार नाही.

कागदांचे काम इथे संपते, आणि मला खरी काळजी वाटते ती याच्या पुढच्या गोष्टीची. अमेरिकेत प्रत्येक राज्य या कामासाठी व्यक्तीला परवाना देते. कॅलिफोर्नियात पूर्वी त्यासाठी 1,600 तासांचे शिक्षण लागे, 2022 पासून ते 1,000 तासांवर आले आहे, आणि त्यानंतरही परीक्षा द्यावी लागते. तिथल्या परीक्षेत संसर्ग कसा टाळावा, यावर प्रश्न असतात. आपल्याकडे असे विचारणारे कोणी नाही. तुमची चिमटी उकळलेली आहे की नुसती पुसलेली, हे पाहायला पडवीत कोणी अधिकारी येणार नाही, म्हणून ती जबाबदारी पूर्णपणे तुमच्यावर येते.

थ्रेडिंगचेच पाहा. दोऱ्याचे एक टोक दातांत धरायची सवय आपल्याकडे इतकी रुळली आहे की त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. पण तोच ओला दोरा गिऱ्हाइकाच्या नुकत्याच केस उपटलेल्या, उघड्या पडलेल्या त्वचेवर फिरतो. दोरा गळ्यात अडकवून थ्रेडिंग करता येते, हात बसायला आठ-पंधरा दिवस लागतात, ते द्या. वॅक्सच्या डब्यात एकदा त्वचेला लागलेली पट्टी पुन्हा बुडवू नका, आणि ब्लेड प्रत्येक गिऱ्हाइकाला नवे वापरा. आपल्या कोकणातील पावसात टॉवेल चार-चार दिवस वाळत नाहीत आणि त्यांना कुबट वास येऊ लागतो, हे तुम्हाला सांगायला नको. असा टॉवेल चेहऱ्याला लावण्यापेक्षा जून ते सप्टेंबर एकदा वापरून टाकायचे कागदी रुमाल ठेवा, खर्च थोडा वाढला तरी चालेल.

प्रमाणपत्र हवेच असेल तर सरकारी आयटीआयमध्ये कॉस्मेटॉलॉजीचा एक वर्षाचा अभ्यासक्रम असतो. सहा वर्षांच्या अनुभवावर तुम्हाला ‘आरपीएल’, म्हणजे आधीपासून येत असलेल्या कौशल्याची परीक्षा देऊन प्रमाणपत्र मिळवण्याचा मार्गही खुला आहे. एक मर्यादा मात्र कधीही ओलांडू नका : इंजेक्शन, बोटॉक्स आणि लेझर ही डॉक्टरांची कामे आहेत. दोन दिवसांच्या कार्यशाळेचा कागद भिंतीवर लावल्याने ती आपली होत नाहीत.

प्रश्न : मुंबईहून गणपतीला आलेल्या माझ्या वहिनीने चतुर्थीच्या आदल्या दिवशी इथल्या पार्लरमध्ये केसांना काळा रंग लावून घेतला. दुसऱ्या दिवशी तिचे डोळे सुजले आणि कानामागे पुरळ येऊन पाणी सुटले. रंग वाटीत आधीच कालवलेला होता, खोका दाखवला नाही. तक्रार कोठे करावी? (गुहागर तालुका)

उत्तर : आधी वहिनींना त्वचारोगतज्ज्ञांकडे न्या, तक्रार त्यानंतर. काळ्या रंगात बहुधा पॅराफेनिलीनडायअमीन हा घटक असतो आणि काहींच्या त्वचेला तो अजिबात सोसत नाही. तपासणीत तोच कारणीभूत असल्याचे निघाले, तर वहिनींनी यापुढे तो रंगही टाळावा आणि लग्नात हातावर काढतात ती ‘काळी मेंदी’ही टाळावी, कारण तिच्यातही हाच घटक मिसळलेला असू शकतो.

आपल्या कायद्याने माणसाच्या हाताला परवाना ठेवला नसला तरी बाटलीला ठेवला आहे. 2020 च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार अशी प्रसाधने बनवणाऱ्याला परवाना लागतो. वेष्टनावर उत्पादकाचे नाव-पत्ता, बॅच क्रमांक आणि वापराची मुदत असावी लागते, आणि अशा केसांच्या रंगावर आधी थोड्या त्वचेवर चाचणी घेण्याची व तो भुवया-पापण्यांना न लावण्याची सूचना स्थानिक भाषेतही छापावी लागते. वाटीत कालवलेल्या रंगामुळे ही सगळी माहिती गिऱ्हाइकाच्या डोळ्यांआड गेली. पार्लरकडे रंगाचे नाव आणि खोक्याचा फोटो मागा. माल संशयास्पद वाटला तर अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात लेखी तक्रार करा. सेवेतील हलगर्जीपणाबद्दल जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येते; डॉक्टरांची चिठ्ठी, पैसे दिल्याचा पुरावा आणि सूज दिसणारे छायाचित्र जपून ठेवा.

पार्लर चालवणाऱ्या भगिनींनाही इथे सांगते : चाचणीचा थेंब कानामागे लावून 48 तास थांबावे लागते. चाकरमानी आदल्या रात्री गाडीतून उतरतात, हे खरे. म्हणून त्यांना फोनवरच सांगा की रंग लावायचा असेल तर दोन दिवस आधी या, नाहीतर यंदा केस नुसते धुऊन बांधून देते. एक गिऱ्हाईक रागावेल, पण सणाच्या दिवशी कोणाचे डोळे सुजणार नाहीत.

प्रश्न : सावंतवाडीच्या बाजूला मालिकांचे चित्रीकरण होते. मला मेकअपचे काम करायचे आहे, पण बाईला कामगार संघटनेचे कार्ड केशरचनेचेच मिळते, असे एका ओळखीच्यांनी सांगितले. खरे आहे का?

उत्तर : पूर्वी खरे होते, आता नाही. चित्रपटसृष्टीतील कामगार संघटनेचा हा नियम सर्वोच्च न्यायालयाने मेकअप कलाकार चारू खुराना यांच्या याचिकेवर 10 नोव्हेंबर 2014 रोजी रद्द केला, आणि महाराष्ट्रात पाच वर्षे वास्तव्य असण्याची अटही त्याच निकालात गेली. तुमच्या ओळखीच्यांना ही तारीख सांगा आणि अर्ज मेकअप कलाकार म्हणूनच भरा.