डोळ्यातला थेंब आणि छातीतला दमा

प्रश्न : बाई, मला वीस वर्षांपासून दमा आहे, पंप घेते. गेल्या महिन्यात डोळ्यांचं प्रेशर वाढलेलं निघालं. काचबिंदूची सुरुवात आहे म्हणाले. औषध लिहिता लिहिता डॉक्टरांनी विचारलं, "दमा आहे का?" मी हो म्हटल्यावर लिहिलेलं नाव खोडून दुसरे थेंब दिले. डोळ्यात घालायच्या थेंबाचा छातीशी काय संबंध?
– एक वाचक, इस्लामपूर

उत्तर : त्या डॉक्टरांना माझा नमस्कार सांगा. आमच्या आईला हे कुणी विचारलं नाही आणि तिनंही सांगितलं नाही. 'डोळ्यांच्या डॉक्टरला छातीचं कशाला?' हा तिचा हिशेब. थेंब सुरू झाले आणि तिसऱ्या रात्री ती पहाटेपर्यंत उशांना टेकून बसून होती. छातीत घरघर, आणि पंप घेऊनही उतार नाही. मी तेव्हा फार्मसी कॉलेजात हाच विषय शिकवत होते. बाटली देव्हाऱ्याशेजारी माझ्या डोळ्यांसमोर होती, पण तिच्यावरचं नाव मी वाचलं ते चौथ्या दिवशी. टिमोलॉल.

आता संबंध सांगते. मूत्रपिंडांवरच्या ग्रंथींतून ॲड्रेनलिन नावाचं संप्रेरक रक्तात सुटतं, ते अंगभर सगळीकडे जातं. स्टँडवर 'स्वारगेटला जाणारी गाडी फलाट क्रमांक तीनवर लागली आहे' असं पुकारतात ना, तसं. पुकारा एकच. पण तो ऐकून प्रवासी पिशवी उचलून धावतो, ड्रायव्हर चहाचा शेवटचा घोट घेतो आणि कोल्हापूरला जाणारा बाकावर ढिम्म बसून राहतो. ज्या पेशीच्या आवरणावर ॲड्रेनलिन ओळखणारं प्रथिन, म्हणजे रिसेप्टर, नाही तिच्या लेखी पुकारा झालेलाच नसतो.

खरी गंमत पुढे आहे. ॲड्रेनलिन त्यासाठी पेशीच्या आत पाऊलही टाकत नाही. बाहेरून रिसेप्टरला चिकटतं, रिसेप्टरचा आकार किंचित बदलतो आणि आतल्या बाजूला सायक्लिक एएमपी नावाचा निरोप्या तयार होऊ लागतो. (हा निरोप्या शोधणारे अर्ल सदरलँड, १९७१ चं नोबेल त्यांचं.) हृदयाच्या पेशीत हा निरोप्या वाढला की कॅल्शियम जास्त आत येतं आणि ठोका जोरात पडतो. श्वासनळीभोवतीच्या स्नायूत तोच निरोप्या वाढला की स्नायू सैल पडतो, नळी रुंदावते. तिथे आवळतो, इथे सोडतो. वर्गात हे सांगितलं की दरवर्षी एखादी मुलगी हात वर करायचीच, "बाई, चुकून उलटं बोललात." उलटं नाही. निरोपात काय करायचं ते लिहिलेलंच नसतं. ते पेशीच्या आतल्या यंत्रणेवर ठरतं.

तुमच्या पंपात बहुधा साल्ब्युटामॉल असेल. ते श्वासनळीतल्या रिसेप्टरवर बसून ॲड्रेनलिनचीच नक्कल करतं. हातापायांच्या स्नायूंतही त्याच जातीचे रिसेप्टर आहेत, म्हणून पंपानंतर कधी कधी कपबशी हातात खुळखुळते.

टिमोलॉलचं कूळ वेगळं. १९४८ मध्ये अमेरिकेत रेमंड अलक्विस्ट यांनी ॲड्रेनलिनचे रिसेप्टर अल्फा आणि बीटा अशा दोन जातींचे असावेत असं मांडलं. बरीच वर्षं फारसं कुणी मनावर घेतलं नाही. घेतलं ते जेम्स ब्लॅक यांनी. दुखऱ्या हृदयाला हा पुकारा ऐकूच आला नाही तर त्याला उसंत मिळेल, हा त्यांचा विचार. त्यातून साठच्या दशकात बीटा रिसेप्टर अडवणारं प्रोप्रॅनोलॉल हे औषध आलं आणि १९८८ मध्ये नोबेल. रिसेप्टर अडवणारी ही औषधं करतात काय? एसटीच्या खिडकीतून सीटवर रुमाल टाकतो, तेच. रुमाल प्रवास करत नाही, तिकीटही काढत नाही, पण तो आहे तोवर दुसऱ्याला बसता येत नाही. टिमोलॉल त्याच घराण्यातलं. डोळ्यात आतल्या आत जे पाणी सतत तयार होतं, ते या रुमालामुळे कमी तयार होतं आणि प्रेशर उतरतं. औषध उत्तमच आहे, फक्त तुमच्यासाठी नाही.

कारण थेंब डोळ्यात थांबत नाही. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून एक बारीक नळी नाकात उतरते. रडलो की नाक वाहतं ते हिच्यामुळे. नाकाच्या आतल्या ओल्या अस्तरातून औषध थेट रक्तात जातं. पोटातून आलेल्या गोळीला आधी यकृताचा जकातनाका लागतो, तिथे बरंच औषध मोडतं. थेंब तो चुकवतो. मग श्वासनळीतल्या रिसेप्टरच्या सीटवरही रुमाल पडतात. नळ्या आवळायला लावणारं शरीरातलं दुसरं रसायन, ॲसिटिलकोलीन, मोकळंच राहतं आणि आवर घालणारं ॲड्रेनलिन बाहेर उभं. वर साल्ब्युटामॉललाही तीच सीट हवी असते. आईचा पंप त्या रात्री का चालला नाही, ते आता कळलं असेल. डोळ्यांच्या डॉक्टरांना फोन करून थेंब बदलून घेतले, तेव्हा कुठे ती आडवी झोपली.

काचबिंदूवर वेगळ्या रिसेप्टरवर काम करणारे थेंबही मिळतात. तुम्हाला तसलेच दिले असणार. कुठलाही थेंब घातल्यावर डोळा मिटून, नाकाजवळचा कोपरा बोटानं दोन-तीन मिनिटं हलका दाबून धरा, म्हणजे नाकात कमी उतरेल. आणि उद्या कुणी ब्लडप्रेशरसाठी किंवा धडधडीसाठी गोळी लिहून देत असेल, तर दम्याचं आपणहून सांगा; ती याच घराण्यातली असू शकते.

आमची आई नंतर चष्म्याची काडी बसवायला गेली तरी दुकानदाराला आधी सांगायची, "मला दमा आहे हं."