तीन एकर कशाला हवेत, सेक्रेटरीसाहेब?

चि. सेक्रेटरीसाहेबांस,
अनेक आशीर्वाद.

मंडळाच्या फुटबॉल संघाला सरावासाठी स्वतःचं ग्राउंड हवं, हा तुझा चार पानी प्रस्ताव वाचला. तीन एकर जागा, कृत्रिम टर्फ, चारी बाजूंनी कंपाउंड, फ्लडलाइटचे खांब आणि दारात मंडळाच्या नावाची कमान. कमानीचं चित्र झकास काढलंयस. जागा मात्र शहरापासून अठरा किलोमीटरवर आहे आणि ती ‘मिळणार आहे’ एवढंच लिहिलंयस. कोणाकडून, कोणत्या कागदावर, किती वर्षांसाठी, हे चार पानांत कुठंच नाही. म्हणून सविस्तर लिहायला बसलो.

दुखणं खरं आहे, त्यात वाद नाही. कोल्हापुरात फुटबॉल वाढला तो तालमींच्या नावानं. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा, शिवाजी तरुण, प्रॅक्टिस क्लब, नावं घेतली तरी पेठापेठांतली पोरं कान टवकारतात. तालीम म्हणजे कुस्तीची जागा. लाल मातीचा हौद, मारुती, वर एखादी खोली, एवढ्यात तिचा संसार बसायचा आणि तो पेठेतल्या बोळातही मावायचा. फुटबॉलनं तालमीचं नाव घेतलं, रंग घेतले, ईर्ष्या घेतली. जागा मात्र त्याला बोळात मिळणार नव्हती. शाहू स्टेडियम सामन्यांचं. तिथं रोज सराव करायचा म्हटला तर हंगाम संपायच्या आत गवत संपेल. त्यामुळे आपली पोरं आज या शाळेच्या आवारात, उद्या त्या मैदानाच्या कोपऱ्यात, परवा तिथं सभेचा मांडव पडला म्हणून घरी.

आधी मापाचं बोलू. मोठ्या स्पर्धांचं मैदान १०५ बाय ६८ मीटरचं असतं. ते भरतं सुमारे ७० गुंठे; बाजूनं धावायला-बसायला जागा सोडली की ९० गुंठ्यांच्या आसपास जातं. पण नियमात बसणारं सर्वांत लहान मैदान ९० बाय ४५ मीटरचं आहे आणि ते होतं ४० गुंठे, म्हणजे एक एकर. सरावाला रोज तेवढंही लागत नाही. पासिंगचे चौकोन, रोंडो (गोलात उभं राहून मधल्याला चेंडू न देण्याचा सराव), पाच-पाचचे सामने, गोलवर फटके मारायचा सराव, सगळं अर्ध्या मैदानात होतं. पूर्ण लांबी लागते ती आठवड्यातून एखाद-दुसऱ्या वेळी, कोचला बॅक आणि फॉरवर्डमधलं अंतर पायांनी मोजून दाखवायचं असतं तेव्हा. तीन एकरांचा आकडा कुठून आला, मला ठाऊक आहे. कमान शोभायला तेवढी जागा लागते.

आता अठरा किलोमीटर. तुझ्या संघातल्या पोरांची यादी काढ आणि प्रत्येकापुढं तो दिवसभर काय करतो ते लिही. कोण गुजरीत दुकानात, कोण शिरोलीच्या फौंड्रीत शिफ्टला, कोण कॉलेज करून संध्याकाळी डिलिव्हरीला. सकाळी सहाला ग्राउंडवर यायचं आणि साडेआठला कामावर हजर व्हायचं, अशी यांची गणितं. पहिला महिना सगळे येतील, फोटोही निघतील. मग ज्याच्या गाडीत पेट्रोल असेल तो येईल. तू म्हणशील, अनिकेत जाधव कोल्हापूर सोडूनच मोठा झाला. बरोबर. २०१७च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात तो भारताकडून खेळला आणि त्याआधी तो पुण्याला बालेवाडीच्या क्रीडा प्रबोधिनीत होता. पण तिथं पोरगं राहायला असतं; जेवण, शाळा, झोप, सगळं तिथंच. तू वसतिगृह काढणार आहेस का? नसशील, तर ग्राउंड पेठेतून सायकलनं गाठता आलं पाहिजे. ही अट मी सगळ्यांत वर ठेवीन, मालकीच्याही वर.

लंडनच्या आर्सेनलचा तू भक्त आहेस म्हणून त्यांचंच सांगतो. हा क्लब कित्येक वर्षं लंडन कोल्नी या गावात युनिव्हर्सिटी कॉलेजच्या मैदानावर भाड्यानं सराव करत होता. १९७१ला आणि १९९८ला एकाच हंगामात लीग आणि एफए कप दोन्ही जिंकले, ते या भाडोत्री गवतावर घाम गाळून. १९९६ला तिथल्या पॅव्हिलियनला आग लागली, संघाला कपडे बदलायला जवळच्या हॉटेलात जावं लागलं, तेव्हा कुठं स्वतःच्या केंद्राचं मनावर घेतलं गेलं. १९९९ला ते उभं राहिलं. कुठं? त्याच गावात, जुन्या मैदानाच्या शेजारी. पैसा होता, कुठंही जाता आलं असतं.

पाण्याचा मुद्दा तुझ्या प्रस्तावात एका ओळीत आटोपलाय: ‘बोअर मारता येईल.’ अरे, कोल्हापुरात ग्राउंडला पाणी आणायची काळजी नंतरची. आधी पाणी जाणार कुठून ते बघ. हे तळ्यांचं शहर होतं. शाहू स्टेडियम आहे तिथं रावणेश्वराचं तळं होतं, गांधी मैदान आहे तिथं वरुणतीर्थ. तळी बुजवली आणि मैदानं झाली, पण उतार कोणी बुजवला नाही. चार बाजूंचं पाणी पूर्वी जिथं यायचं तिथंच आजही येतं. गांधी मैदानाचं पावसाळ्यात काय होतं ते शिवाजी पेठेतलं शेंबडं पोरही सांगेल. म्हणून जागा बघायला जानेवारीत जाऊ नकोस. जानेवारीत सगळ्याच जागा सुंदर दिसतात. जुलैत जा, दोन दिवसांच्या झडीनंतर, आणि चपला काढून चाल.

एक पहार आणि दोन बादल्या पाणीही ने. मैदानाच्या मधोमध, दोन्ही गोल येतील तिथं आणि सगळ्यांत सखल कोपऱ्यात फूटभर लांब-रुंद-खोल खड्डे खण. मातीचे थर नीट बघ: वर दोन इंच मुरूम टाकून खाली काळी माती दडवलेली असते. पाणी ओत, मुरू दे, पुन्हा ओत आणि दुसऱ्या वेळचं पाणी किती वेळात जातं ते बघ. तासा-दोन तासांत गेलं तर देवाचे आभार मान. दुसऱ्या दिवशीही डबकं दिसलं तर त्या जागेला खालून पाइप, खडी, वाळू असा पूर्ण निचरा करावा लागेल आणि तो खर्च तुझ्या कमानीच्या कितीतरी पट आहे. काळ्या मातीचा दुसरा त्रास उन्हाळ्यात. भेगा पडतात, आणि त्यात बुटाचा स्टड, म्हणजे तळाचा खुंट, अडकला की गुडघा जातो. घोटा सुजला तर पंधरा दिवसांत पोरगं परततं, गुडघा गेला की हंगाम गेला. आणि फौंड्रीत उभ्यानं काम करणाऱ्याची नोकरीही.

नदीकाठची जागा कोणी दाखवली तर ऐकताक्षणी नाक मुरडू नकोस. पंचगंगेनं २०१९ आणि २०२१ला काय केलं ते आपण बघितलंय. पण निळ्या पूररेषेच्या, म्हणजे सरकारनं नकाशावर आखलेल्या पुराच्या हद्दीच्या, आत बांधकामावर बंधनं असतात, त्यामुळे तिथं बिल्डरचा डोळा कमी असतो आणि मोकळं मैदान टिकायची शक्यता जास्त. फक्त तिथं पक्कं काही बांधू नकोस. साहित्य हलवता येईल असं ठेव आणि पूर ओसरल्यावर गाळ काढायचे पैसे दरवर्षी बाजूला टाक.

आता कागद. यात तू सगळ्यांत कच्चा आहेस आणि यातच सगळं आहे.

पहिला कागद आपल्या घरातला. धर्मादाय कार्यालयात जा आणि आपल्या मंडळाच्या परिशिष्ट एकचा, म्हणजे तिथल्या नोंदवहीतल्या नोंदीचा, उतारा काढ. त्यावर विश्वस्त म्हणून कोणाची नावं आहेत ती वाच. निम्मे जण देवाघरी गेलेले निघतील. मंडळाच्या दर निवडणुकीनंतर चेंज रिपोर्ट, म्हणजे विश्वस्त बदलल्याचा अर्ज, दाखल करायचा असतो. कोणी केला नाही, किंवा केला आणि तो मंजूर झाला की नाही ते बघायला कोणी गेलं नाही. उद्या महापालिका किंवा एखादी संस्था करार करायला तयार झाली, तर सही कोण करणार? तुझं नाव लेटरहेडवर आहे, रेकॉर्डवर नाही. जागा शोधायच्या आधी हे निस्तर. कंटाळवाणं काम आहे, म्हणून तर कोणी करत नाही.

मग नगररचना विभागात जाऊन विकास आराखड्याचा नकाशा बघ. आपल्या पेठेच्या दीड-दोन किलोमीटरच्या परिघात ‘खेळाचे मैदान’ म्हणून आरक्षित पण ताब्यात न घेतलेले भूखंड कोणते, त्यांचे सर्व्हे नंबर उतरवून घे. प्रादेशिक व नगररचना अधिनियमाचं कलम १२७ पाठ कर: दहा वर्षांत आरक्षित जागा घेतली गेली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो आणि त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं पडली नाहीत तर आरक्षण उडतं. एकदा उडालं की तिथं अपार्टमेंट आलीच. अशी नोटीस कोणत्या भूखंडावर आलीय हे आधी कळणं, म्हणजे सामना सुरू व्हायच्या आधी अर्धा गोल. तेव्हा निवेदन, नगरसेवक, वर्तमानपत्र, सगळं कामाला लावायचं.

गायरानाच्या नादाला लागू नकोस. गावचे पुढारी ‘ठराव करून देतो’ म्हणतील. सर्वोच्च न्यायालयाच्या २०११च्या निकालानंतर गायरान संस्थांना देणं जवळजवळ बंद आहे आणि ग्रामपंचायतीच्या ठरावानं जमिनीचा हक्क मिळत नाही.

खाजगी मालकाच्या शब्दाचंही तेच. आमच्या शेजारच्या एका संघाला एका दिलदार माणसानं शेत दिलं, तोंडी. पोरांनी वर्गणी काढून मुरूम टाकला, रोलर फिरवला, गोलपोस्ट उभे केले. माणूस गेला, मुलांनी प्लॉट पाडले. पोरांनी सपाट करून ठेवलेली जमीन, प्लॉट पाडायला काय हरकत होती? एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा असेल तर तो नोंदणीकृत हवाच. आणि सही करायच्या आधी सातबाऱ्यावरचा ‘इतर हक्क’ रकाना वाच: बँकेचा बोजा, कूळ, बहिणींचे हिस्से, भोगवटादार वर्ग दोन (म्हणजे परवानगीशिवाय हस्तांतर करता न येणारी जमीन). शहरातली जागा असेल तर सातबाऱ्याऐवजी प्रॉपर्टी कार्ड वाच.

माझा कल कशाकडं आहे सांगतो. एखादी जुनी शिक्षणसंस्था, जिचं मैदान शाळा सुटल्यावर ओस पडतं, ती शोध. दहा ते पाच शाळेची पोरं, सकाळ-संध्याकाळ आपण. यातही मेख आहे: संस्था सार्वजनिक न्यास असेल तर बिगरशेती जागा तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीनं भाडेपट्ट्यानं द्यायला सार्वजनिक न्यासांच्या कायद्याच्या कलम ३६खाली धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. ती न घेता केलेला वीस वर्षांचा करार फ्रेम करून भिंतीला लावायच्या कामाचा. परवानगी घ्यायला संस्थेचं मन वळव, नाहीतर तीन वर्षांचा स्वच्छ करार कर आणि या तीन वर्षांत त्यांच्या मुलांना कोचिंग दे, ग्राउंड हिरवं ठेव, चौथ्या वर्षी तेच तुला बोलावतील. जागेची मालकी नसली म्हणजे घर नाही, असं मला वाटत नाही. मोहन बागान १८८९चा क्लब. कोलकात्याच्या मैदानावर त्यांचं, ईस्ट बंगालचं, मोहमेडनचं, तिघांचीही ग्राउंडं लष्कराच्या जमिनीवर आहेत; बांधकाम करायचं तर परवानगी लष्कराची. आणि तिथं जाऊन ‘हे तुमचं घर नव्हे’ म्हणून बघ एकदा.

राहता राहिली तुला न आवडणारी गोष्ट. एकट्यानं ग्राउंड घेऊ नकोस. पलीकडच्या पेठेतल्या संघाला बरोबर घे. हो, त्यांनाच. गेल्या हंगामात गॅलरीत काय झालं ते मलाही माहीत आहे. पण हिशेब मांड: पाणी, गवत कापायची मशीन, रोलर, रात्रीचा राखणदार. एका मंडळाच्या वर्गणीत हे एक वर्ष निघेल, दोघांत निघत राहील. दोन पेठांचा एकत्र अर्ज महापालिकेत गेला तर तो फाइलखाली दाबून ठेवणं कोणालाही जड जातं. वेळापत्रक लेखी करायचं. वार वाटायचे, तास नव्हे, म्हणजे समोरासमोर यायचा प्रसंग कमी. गोलपोस्ट हलवता येतील असे घ्या आणि दर आठवड्याला जागा बदला, नाहीतर गोलीच्या पायाखालचं गवत महिन्या-दोन महिन्यांत जाईल. कृत्रिम टर्फचं नाव सध्या काढू नका. घालायला देणगीदार मिळतो, काही वर्षांनी ते बदलायचं असतं तेव्हा तो फोन उचलत नाही.

मुलींचा संघ काढायचं म्हणतोयस, ते उत्तम. मग जागा बघताना शौचालय, कपडे बदलायची बंद खोली आणि ग्राउंडपासून मुख्य रस्त्यापर्यंतचे दिवे आधी बघ, गवत नंतर. आई-बाप एकदाच येऊन बघून जातात आणि त्या एका फेरीत ठरवतात.

तर क्रम असा: चेंज रिपोर्ट, मग नकाशा, मग जुलैत खड्डे. परिशिष्ट एकचा उतारा मिळाला की मला दाखव; जुन्या विश्वस्तांपैकी दोघांच्या घरचा पत्ता माझ्याकडे आहे, वारसांच्या सह्या लागल्या तर मी बरोबर येतो. पलीकडच्या सेक्रेटरीला भेटायला जाशील तेव्हा एकटा जा, मंडळाचा टी-शर्ट घालून जाऊ नकोस, आणि आपला त्यांच्याशी सामना असेल त्या आठवड्यात तर मुळीच नको.

तुझा,
काका