जुना आयपॉड क्लासिक नव्या मॅकला जोडताय? आधी हे वाचा

अरे, जुना आयपॉड नव्या मॅकला जोडलास आणि आयट्यून्स (गाणी भरायचं ॲपलचं जुनं ॲप) सापडत नाही म्हणून घाबरू नकोस, आयपॉड बिघडलेला नाहीये. 2019 च्या कॅटलिनापासून (मॅकच्या सिस्टिमची एक आवृत्ती) मॅकवर आयट्यून्सच राहिलं नाही, त्यामुळे तू ते शोधत बसलास तर सापडणारच नाही, आता आयपॉड फाइंडरमध्ये, म्हणजे मॅकवर फाइली बघायच्या विंडोत, डाव्या बाजूला दिसतो. विंडोजवर मात्र आयट्यून्स अजून मिळतं.

आता महत्त्वाचं. नव्या कॉम्प्युटरला जोडलास की 'इरेज अँड सिंक' (म्हणजे आयपॉडवरचं पुसून कॉम्प्युटरवरचं भरू का) असं विचारेल, त्याला हात लावू नकोस!! माझी कॉलेजपासूनची गाणी एका क्लिकमध्ये गेली होती, आजही वाईट वाटतं. म्हणून आधी गाणी कॉपी करून घे. मेन्यू आणि मधलं बटण एकत्र दाबून धर, सफरचंद दिसलं की लगेच मधलं आणि प्ले दाबून धर, म्हणजे डिस्क मोड येतो आणि आयपॉड साध्या पेनड्राइव्हसारखा उघडतो. आत आयपॉड_कंट्रोल नावाचं फोल्डर असतं पण लपलेलं, मॅकवर कमांड-शिफ्ट-डॉट दाबलं की दिसतं, त्यातलं म्युझिक फोल्डर अख्खं उचल. फाइलींची नावं चार अक्षरांची, काहीच्या काही दिसतील पण गाण्याचं, गायकाचं नाव बहुतेक वेळा फाइलच्या आतच असतं, म्युझिक ॲपच्या लायब्ररीत टाकलं की परत दिसतं.

आयपॉड दिसतच नसेल तर पहिल्यांदा केबल बदलून बघ, मध्ये यूएसबी हब असेल तर काढ आणि थेट पोर्टला लाव. आणि हो, मॅकवर फॉरमॅट केलेला आयपॉड विंडोज वाचत नाही, उलटं मात्र चालतं. कुठलं मॉडेल आहे ते सांग, मग पुढचं बघू.