रंगीत तालीम असते, माणसं नव्हे

प्रश्न असा आला आहे: "अमेरिकेत 'पीपल ऑफ कलर' ज्यांत ठळकपणे दिसतात अशा इंडी, म्हणजे मोठ्या स्टुडिओंबाहेर बनलेल्या स्वतंत्र चित्रपटांना पुरस्कार देतात. त्याच्या बातमीत एकीकडे 'रंगीत लोकांचे चित्रपट' वाचलं, दुसरीकडे 'कृष्णवर्णीयांचे चित्रपट'. बरोबर काय? नुसतं 'वर्णीय' चालेल का?"

तिन्ही नाही. 'वर्णीय' म्हणजे कोणत्या वर्णाचा, हे सांगितल्याशिवाय तो शब्द लंगडाच. आणि 'रंगीत लोक' ऐकून तर माझं डोकंच फिरतं. मराठीत तालीम रंगीत असते, पेन्सिली रंगीत असतात, धुळवडीच्या दिवशी दुपारपर्यंत माणसंही रंगीत असतात. त्यात समोर चित्रपट हा शब्द असला की वाचणाऱ्याला रंगीत विरुद्ध कृष्णधवल हेच आठवणार. कृष्णवर्णीय दिग्दर्शक स्पाइक लीच्या 'शीज गॉटा हॅव इट'ला १९८७ साली इंडिपेंडंट स्पिरिट पुरस्कारांत पहिल्या चित्रपटासाठीचा मान मिळाला. तो चित्रपट जवळजवळ सगळा कृष्णधवल आहे, मधला एक नाच तेवढा रंगीत. आता करा भाषांतर: 'रंगीत लोकांचा कृष्णधवल चित्रपट'!

'कृष्णवर्णीय' वेगळ्या कारणाने चुकतं. 'पीपल ऑफ कलर'मध्ये आफ्रिकी वंशाचे लोक येतात तसे लॅटिनो, मूळनिवासी, चिनी-जपानीही येतात, आणि न्यू जर्सीत एडिसनला राहणारे आपले कुलकर्णी आणि पाटीलही येतात. इथल्या स्थळाच्या जाहिरातीत ज्यांनी स्वतःला 'गोरा, उंच' असं लिहिलं होतं, तेच! 'ब्लॅक रील' नावाचे पुरस्कार आहेत, तिथे कृष्णवर्णीय खुशाल लिहा. इतरत्र नको.

खरी अडचण इंग्रजी शब्दक्रमाची आहे. 'कलर्ड पीपल' आणि 'पीपल ऑफ कलर' हे मराठीत आणताना दोन्हींचं 'रंगीत लोक' होतं, पण तिकडे त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक. पहिला शब्द कृष्णवर्णीयांना गोऱ्यांपासून दूर ठेवायला केलेले वेगळे नळ आणि वेगळे दरवाजे यांवरच्या पाट्यांवर असायचा, म्हणून आज तो तोंडातून काढणं अपमान समजतात. गंमत म्हणजे १९०९ साली स्थापन झालेल्या एनएएसीपी या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संस्थेच्या नावातला 'सी' हा त्याच 'कलर्ड'चा, आणि १९६७ पासून इमेज अवॉर्ड्स देते तीही हीच संस्था. त्यात स्वतंत्र चित्रपटांसाठी वेगळा विभागही आहे. दक्षिण आफ्रिकेत तर 'कलर्ड' हा १९५०च्या कायद्याने मिश्र वंशाच्या लोकांसाठी पाडलेला निराळाच कप्पा. शब्दांची जागा बदलली की माणसाची किंमत बदलते, हे आपल्याला नवं नाही. 'शब्दाचा माणूस' आणि 'शाब्दिक माणूस' यांतल्या कोणाला तुम्ही उसने पैसे द्याल?

आता मुद्द्याचं. 'वर्ण' कुठून आला? वैदिक शब्दांची फोड करणारा प्राचीन पंडित यास्क आपल्या निरुक्तात 'वर्णो वृणोतेः', म्हणजे वर्ण 'वृ' धातूपासून आला, एवढं सांगून मोकळा झाला आणि पुढच्यांना भांडायला विषय देऊन गेला. कारण 'वृ' म्हणजे झाकणंही आणि निवडणंही. एक पंथ हटकून निवडण्याकडे जातो: वर्ण म्हणजे ज्याने त्याने वरलेला, स्वतः निवडलेला. ही व्युत्पत्ती नव्हे, वकिली आहे. जन्माने चिकटवलेल्या गोष्टीला 'निवड' म्हणण्याची सोय त्यात आहे. आपला रंग कोणी कधी निवडला होता? माझ्या मते वर्ण म्हणजे आवरण, वरचं पांघरूण. आणि लॅटिन 'कोलोर'ची नाळही 'सेलारे' म्हणजे झाकणे, लपवणे या क्रियापदाशीच जोडतात. डोळ्यांखालची काळी वर्तुळं लपवायला जे कन्सीलर लावतात ते या कलरचं चुलत भावंड. दोन भाषा, दोन निरनिराळे धातू, आणि दोघींनाही रंग म्हणजे वरचं झाकण वाटलं!

भातावर घातलं जातं ते वरणही मी मनातल्या मनात याच 'वृ'खाली लावतो. मूद पाडायची, पळीभर वरण वरून सोडायचं, की ते चारी बाजूंनी ओघळून पांढरा भात पिवळ्या पांघरुणाखाली जातो. 'वरान्ना'तून वरण काढणारे पंडित यावर हसतील. हसोत. त्यांनी भात आधी कालवून घेतला असेल.

आणि 'फिल्म'? जुन्या इंग्रजीत 'फिल्मेन' म्हणजे पातळ कातडी, पापुद्रा. तापवलेलं दूध गार होताना जी साय धरते ना, तशी. पुढे छायाचित्राच्या काचेवर रसायनाचा जो पातळ थर देत त्याला फिल्म म्हणू लागले, मग पट्टीला, मग त्या पट्टीवरच्या गोष्टीला. म्हणजे कातडीच्या रंगावरून माणसं वगळणारा धंदा स्वतःच्या नावात कातडी घेऊन फिरतो आहे. आपला 'पट'ही शेवटी कापडच, तेही झाकायलाच.

हां, तुमचा प्रश्न. 'गौरेतर' लिहा. गौर अधिक इतर, संधी चोख आहे. यावर आक्षेप येईल की गोऱ्यांना मध्यभागी ठेवून बाकीचे 'इतर' कसे? आक्षेप खराच आहे. 'ब्राह्मणेतर' या शब्दाशी हेच भांडण झालं होतं, आणि विठ्ठल रामजी शिंद्यांनी त्याऐवजी 'बहुजन' पुढे आणला. अमेरिकेतही 'नॉन-व्हाइट' सोडून 'पीपल ऑफ कलर' धरण्यामागे तीच खटपट. तसा शब्द मराठीला सापडेपर्यंत बातमीपुरतं 'गौरेतर' भागेल.

फक्त 'पुरस्कृत स्वतंत्र चित्रपट' असा मथळा देऊ नका. पुरस्कार म्हणजे पुरः करणे, पुढे करणे, हे इथे झकास बसतं. पण 'पुरस्कृत' म्हटलं की मराठी माणसाला पक्षाने पुरस्कृत केलेला अपक्ष उमेदवार आठवतो, आणि तो किती स्वतंत्र असतो ते सगळ्यांना ठाऊक आहे.